कोंडवाड्यातलं विमान

सेनगावजवळून,
भाद्रपद शुद्ध अष्टमी, सन १९३८

रा. रा. व्यंकटराव यांस सोनाजीचा सादर रामराम.

आपली तब्येत, वहिनींचा गुडघा आणि हिंगोली टेसणावरची आपली माल-कारकुनी ही तिन्ही सुरळीत चालू असावीत अशी नरसीच्या नामदेवांपाशी प्रार्थना. तुमची बहीण द्वारका खुशाल आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. इकडची बाकी खुशाली विचारू नका. विचारलीच तर ऐका: आमचं विमान कोंडवाड्यात आहे.

व्हय, तेच विमान! ज्याचं चित्र तुम्ही टेसणात कुणा साहेबानं टाकून दिलेल्या इंग्रजी मासिकातून फाडून मला धाडलं, समासात शिसपेनीनं मराठी अर्थ लिहिला आणि खाली शेरा मारला की कोणीही हुशार माणूस हे घरी बनवू शकतो. तो हुशार माणूस म्हणजे मी, असं मी समजलो. (तसं नसेल तर आठ महिन्यांपूर्वीच कळवायचं होतं.) त्या दिवसापासून मी आणि आमचे खाजा मिया सुतार गोठ्यात राबून राहिलो. चित्रात मापं फुटांची, आणि खाजा मिया मोजणार हातानं. डावा पंख त्यांनी मोजला, उजवा मी, म्हणून डावा वीतभर लांब झाला. सांगाडा बांबूचा, चाकं सायकलची, इंजिन एका मोडक्या फटफटीचं. पंखांच्या कापडावर काय लावायचं तिथं तुम्ही 'एक प्रकारचं रोगण' एवढं लिहून मोकळे झालात. कोणतं रोगण, कुठं मिळतं, काही पत्ता? शेवटी धनगर घोंगड्यांना लावतात ती चिंचोक्याची खळ आम्ही शिजवून चोपडली. कापड असं कडक झालं की टिचकी मारली तर वाजायचं. (कापड म्हणजे माझी दोन धोतरं आणि तुमच्या बहिणीचं एक लुगडं. तिच्या अबोल्याचं कारण मला वाटतं हेच असावं.)

आता पोळ्याच्या दिवसाचं सांगतो, म्हणजे चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा. शेतात कमरेएवढी ज्वारी उभी. सपाट, सरळ जागा गावात एकच, खळ्यापासून वेशीपर्यंतचा रस्ता. आणि तो रस्ता वर्षातून एकच दिवस मोकळा असतो, पोळ्याचा, कारण त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, मग गाडी कुठून येणार? माझा हिशेब बराबर होता. दुपारी बैल नदीवर धुवायला नेले की आपण विमान जमिनीवरच एकदा चालवून पाहायचं आणि तोरण लागायच्या आत गोठ्यात आणायचं, इतकं साधं. पण ते फटफटीचं इंजिन! खाजा मियांनी पंखा फिरवून फिरवून हाताला फोड आणले, अल्लाचं नाव घेतलं, मग माझंही घेतलं (ते कशा प्रकारे ते इथं लिहीत नाही), तरी ते ढिम्म. आणि पेटलं केव्हा, तर वेशीवर आंब्याचं तोरण लागून, वाजंत्री सुरू होऊन, सगळ्या गावाचे बैल झुली घालून उभे राहिल्यावर.

पेटलं ते पेटलं, वर तार अडकली आणि वेग कमीच होईना. मी ओरडून राहिलो, खाजा मिया मागं शेपूट धरून पळून राहिले, मग ते चिखलात पडले आणि मी एकटा पुढं गेलो. तुम्हाला ठाऊकच आहे, तोरण तोडायचा मान सटवाजी पाटलांच्या जोडीचा. त्यांचे बैल तोरणाखालून गेले की पोळा फुटला, मग बाकीच्यांनी सुटायचं. पाटलांची जोडी एक पाऊल पुढं टाकते न टाकते तोच तोरण माझ्या गळ्यात! पोळा विमानानं फोडला. चारही वाटांनी बैल उधळले, वाजंत्रीवाले मारुतीच्या पाराखाली शिरले, आणि मी पाटलांच्याच उकिरड्यात जाऊन थांबलो. उकिरडा मऊ होता, म्हणून हे पत्र लिहू शकतो आहे.

माफी मागायला मी तयार होतो. पाटलांची माफी, बैलांचीही. पण पाटील म्हणाले, "सोनाजी, गावात जे मोकाट सुटंल ते कोंडवाड्यात जातं. काहून सुटलं ते मी इचारत न्हाई." आणि दहा माणसं लावून विमान खरंच कोंडवाड्यात ढकललं, वर कुलूप! वहीत नोंद काय केली माहीत आहे? 'बैल एक, रंग पांढरा, शिंगे नाहीत, मालक सोनाजी.' वहीत जनावरांशिवाय रकानाच नाही म्हणे. मालकानं सही केली तर आत्ता सोडतो, नाही तर पंधरा दिवसांनी बेवारशी जनावर म्हणून लिलाव. आज आठ दिवस झाले. आत कुणाची तरी एक म्हैस कोंडलेली आहे, तिला चिंचोक्याची खळ भलतीच आवडली. डावा पंख तिनं अर्धा चाटून मऊ केला. मी सकाळ-संध्याकाळ तिला बाहेरून काठीनं हाकलतो, आणि येणारेजाणारे मला विचारतात, वैरण टाकली का.

तुम्ही म्हणाल, सही करून मोकळा हो. नाही करणार! कारण व्यंकटराव, ते उडालं. गळ्याशपथ सांगतो. खडखड चालली होती ती एकदम बंद झाली, बुडाखाली काहीच नव्हतं, आणि हसावं का रडावं कळेना. तोरण नऊ हात उंच होतं, विमान उभं पाच हात. मग मधले चार हात मी काय शिडी लावून चढलो? पाटील म्हणतात दोरी पावसानं भिजून लोंबली होती. सगळं गाव आपापल्या बैलाकडं बघत होतं. खाजा मियांचं तोंड चिखलात. द्वारका हातात आरती घेऊन वेशीतच उभी होती, पण ती आल्यागेल्याला सांगते, मी डोळे मिटले होते. आता मी बैल म्हणून सही केली तर कायमचं हेच राहील की एक बैल उधळला. म्हैस सगळं विमान खाऊ दे, पण उडालं म्हणून एक माणूस, फक्त एक, बोलला पाहिजे. मला जेवण गोड लागत नाही हो.

लोभ आहेच. तो या मासिकापायी कमी झालेला नाही, थोडा मळला आहे एवढंच.

आपला,
सोनाजी

ता. क. लिलावाच्या आत येऊन जा. येताना पितळी बटणांचा तो काळा कोट घालून या आणि पाटलांना दरडावून सांगा की यंत्राला कोंडवाड्यात घालणं कायद्यात बसत नाही. बसत असलं तरी सांगा.

पुन्हा ता. क. कोटाबरोबर पेट्रोलचा एक डबा आणा. टेकडीमागचं गायरान मी पाहून ठेवलं आहे. तिथं तोरण नाही आणि उतारही चांगला आहे.

दादा, रामराम. पाकीट चिकटवाया मला देऊन हे म्हशीला हाकलाया गेलेत. तुमीच शिकवलेल्या अक्षरांत लिवते. तुमी येऊ नका. कोट घालून तर मुळीच येऊ नका. पाटील दुसऱ्याच दिशी कुलूप काढाया निघाले व्हते. मीच त्यांच्या घरी जाऊन म्हणलं, मामा, काढू नका.

ते उडालं व्हतं, दादा. चाकाखालून मला पलीकडं उभी ऱ्हायलेली अनुसयाबाई अख्खी दिसली, पायापासून पदरापोतर. आन् ह्यांचं तोंडबी दिसलं. लगीन झाल्यापासून इतकं खूस तोंड म्या पाह्यलं न्हाई. तवाच म्या वळखलं, हा माणूस आता खाली ऱ्हायाचा न्हाई.

लिलावात तुमीच बोली लावा. हिंगोलीला नेऊन झाकून ठेवा, मोडू मातर देऊ नका. आन् उडालं म्हणून ह्यास्नी सांगू नका. मीच सांगीन. म्हातारपणी, पाय थकल्यावर.