मामांच्या जीपचं हँडल

३ ऑगस्ट २०२५, रविवार

उजवं मनगट टम्म सुजलंय. अक्षर वाकडं येतंय – येऊ दे, वाचणार मीच आहे.

जीपचं पुढून फिरवून इंजिन चालू करायचं हँडल उलटं आलं. चूक माझीच. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही, हे सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, मला किती वेळा सांगितलं असेल. इंजिन उलट फिरलं की हँडल झटका देतं आणि अंगठा आडवा असेल तर गेलाच. मामांचा अंगठा त्यामुळेच जन्माचा वाकडा झालाय. तो अंगठा ते पाहुण्यांना पदक दाखवावं तसा दाखवतात.

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आंबेहळद उगाळून लावली आणि वर बोलणी. "घरात स्कूटी हाये, मोटारसायकल हाये. काहून त्या म्हातारीच्या मागं लागली तू?"

म्हातारी म्हणजे जीप. सासूबाईंचं आणि तिचं कधी पटलं नाही. घरात त्या आल्या त्याच्या आधीपासून ती दारात उभी आहे, एवढाच तिचा गुन्हा.

का मागं लागले? कारण मला ती चालवायची आहे. आणि आमच्या घरात नियम एकच – जो हँडल मारून चालू करील, त्यानंच चालवायची. सेल्फ, म्हणजे बटनानं चालू व्हायची सोय, जळून बारा वर्षं झाली म्हणतात. तेव्हापासून मामांशिवाय कुणाला ती चालू झालेली नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

सूज उतरली. जनावरांच्या दवाखान्यात, कामावर, सगळे विचारतात, म्हशीनं लाथ मारली का? हो म्हटलं. जीपनं मारली म्हणायची लाज वाटली.

१० ऑगस्ट, रविवार

आज मामा खुलले होते. चहा दोनदा झाला.

जीप त्यांनी नगरच्या लष्करी लिलावातून आणली, लग्नाच्या आधल्या वर्षी. तेव्हा टेंभुर्णीच्या आसपास चारचाकी म्हणजे डॉक्टरची आणि साहेबाची. शेतकऱ्याच्या पोरानं जीप आणली म्हणून लोक बघायला आले. दारं नव्हती, टप फाटलेला, रंग लष्करी हिरवा. स्टिअरिंग डावीकडं. शेजारच्या पाटलांनी विचारलं म्हणे, "रामराव, हे काय उलटं घेऊन आला?" मामा म्हणाले, "उलटं न्हाई, लढाईतलं हाये." ती लढाईत गेली होती की छावणीत पाणी वाहत होती, देव जाणे. मी विचारलं तर म्हणाले, "पाणी बी लढाईतच लागतं."

पुढं त्या जीपनं काय केलं नाही? बियाण्याची पोती वाहिली. ओढ्याला पूर असताना बाळंतिणी तालुक्याला पोचवल्या. माझा नवरा माऊली याच जीपमध्ये जन्मला, जाफराबादच्या अलीकडं, मागच्या बाकड्यावर. त्याला हे कुणासमोर सांगितलेलं आवडत नाही. मी सगळ्यांना सांगते.

गेल्या वर्षी जालन्याला पासिंगला नेली तर तिथल्या साहेबानं तिच्यासोबत फोटो काढून घेतला. मामा एकटेच गेले होते. तो किस्सा आज पुन्हा ऐकला. दर वेळी साहेब थोडा मोठा होतो.

आणि एक – मामांचा उजवा खांदा धरलाय. सदरा घालायला आत्याबाई लागतात. पण जीपला हँडल मात्र एका फेऱ्यात! मी टाकीवरून रेडिएटरला बादलीभर पाणी आणेपर्यंत जीप फुरफुरत उभी असते. या वयात! मला खरंच अभिमान वाटतो म्हाताऱ्याचा.

१६ ऑगस्ट, शनिवार

माऊली जालन्याहून आला. बियाण्याच्या कंपनीत आहे, शनिवारी संध्याकाळी घरी येतो. आल्या आल्या माझं मनगट बघून हसला. त्यानं लग्नाआधी दोनदा हँडल मारून बघितलं होतं, मग मोटारसायकल घेतली.

रात्री जेवताना मोठ्या भाऊजींचा फोन, स्पीकरवर. भागवत भाऊजी संभाजीनगरला असतात. त्यांच्या मित्रानं हायवेला हॉटेल काढलंय. त्याला दारात उभी करायला जुनी जीप पाहिजे. आत रंगीत दिवे लावणार, लोक फोटो काढणार. भाऊजी वाईट नाहीत, त्यांचं म्हणणंही अगदीच चूक नाही. "आबा, पडून पडून गंजून राह्यली ती. तिथं निदान रंग तरी लागल."

हॉटेलच्या दारात! पोटात दिवे लावून!

मामा शांतपणे भाकरी मोडत होते. म्हणाले, "दसऱ्याला ये. हँडल मार. चालू झाली तर घेऊन जाय, बिलकुल अडवणार न्हाई. तुला न्हाई झाली आन् घरातल्या दुसऱ्या कुणी केली, तर जीप त्याची. मंग पुन्हा नाव काढायचं न्हाई."

भाऊजी हसले. "दुसरं कोण हाये, आबा? माऊली?"

मामांनी माझ्याकडं बघितलंही नाही. ठेचा मागितला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

आमचे बैल जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून पोळ्याला मामा जीपच धुतात. बॉनेटला हिंगूळ, आरशांना गोंडे, पुढं नारळ. आधी गाव हसायचं, आता पोरं वाट बघतात. यंदा मी हौसेनं माळ्यावरची जुनी झूल काढून समोरून बांधली. काय दिसत होती! वेशीपर्यंत गेलो आणि रेडिएटर उकळला. जाळीवर झूल – वारा कुठून लागणार? ऐन तोरणाखाली वाफ. मागं बैलांची रांग खोळंबली. कारभारी अण्णा ओरडले, "रामराव, तुमच्या बैलाला ताप आला!"

मामा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३० ऑगस्ट, शनिवार

रोज सकाळी सराव. मामा खाटेवरून शिकवतात. आधी स्विच बंद ठेवून दोन-तीन फेरे हळू, म्हणजे पेट्रोल वर येतं. मग स्विच चालू. जोर लागेल तिथं थांबायचं. खाली दाबायचं नाही, खालून वर ओढायचं, एका दमात. "ताकदीचं काम न्हाई. तिचा जोर कुठं हाये ते बघ, आन् तिथूनच उचल."

फुस्स.

७ सप्टेंबर, रविवार

फुस्स. आत्याबाई म्हणाल्या, एवढ्यात दोन पायल्या दळण झालं असतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

लिहायलाच पाहिजे, हात दुखतोय तरी.

गेले कित्येक दिवस पाऊस हटत नाही. दुपारी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून मच्छिंद्रचा फोन. म्हैस सकाळपासून अडलीय. डॉक्टर साहेब तालुक्याला मीटिंगला. म्हणजे मीच. स्कूटी पाणंदीत घालायची सोय नाही. मच्छिंद्रचा ट्रॅक्टर तर कालपासून तिथंच रुतलेला.

मामा उठले. "टाकीवरून पाणी आण." पळत गेले, पळत आले – जीप चालू! मामा डावीकडं स्टिअरिंगवर बसलेले.

पाणंद म्हणजे नुसतं काळं लोणी. मामांचा उजवा हात काही वर होईना, आणि गिअरचे दांडे मधोमध. म्हणाले, "दांडे तू बघ." मग काय – क्लच त्यांचा, गिअर माझा! "पुढची चाकं लाव." लावली. "बारका दांडा मागं." ओढला. जीप अशी गुरगुरली की माझ्या पायापासून दातापर्यंत पोचलं. चारी चाकं चिखल कापत निघाली. ओढ्याच्या चढाला मागची चाकं फिरायला लागली. मामा म्हणाले, "पऱ्हाट्या." जीपमध्ये कायम गेल्या वर्षीच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची मोळी असते, आत्याबाईंना वाटतं जळणाची नासाडी. मी उतरले, गुडघाभर चिखलात चाकांपुढं पऱ्हाट्या टाकल्या, गोणपाट टाकलं. जीप चढली. ट्रॅक्टरच्या शेजारून! मी त्या ट्रॅक्टरकडं मुद्दाम वळून बघितलं.

पारडाचा पाय आत मुडपलेला. वेळ लागला, पण निघाला. वगार झाली, दोघी बऱ्या. मच्छिंद्रची आई, कांताबाई, आधी म्हशीच्या पाया पडली, मग माझ्या आणि मग बाहेर जाऊन जीपच्या. मच्छिंद्र म्हणाला, "बाई, जीप न्हाई ही, घरचं माणूस हाये."

येताना ओढा ओलांडल्यावर मामा एवढंच म्हणाले, "दांडे बराबर टाकले." बारावीच्या निकालालाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

ही जीप हॉटेलच्या दारात जाऊ द्यायची नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

झाली!!

मामा शेतात, आत्याबाई देवळात, माऊली झोपलेला. एकटीच होते. जोर हाताला लागला, तिथूनच उचललं. एक खोकला, मग धाड्धाड्. कोंबड्या उडाल्या. मी घाबरून लगेच बंदच केली. पुन्हा मारली – पुन्हा झाली.

कुणाला सांगणार नाही. फक्त इथं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवस होत नाहीये. तेव्हा झाली होती ना? की मीच...

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

हत्यारांची पूजा. विळे, कुऱ्हाड, माझी इंजेक्शनची पेटी आणि मधोमध जीपचं हँडल. मामांनी पहिलं कुंकू हँडलला लावलं. संध्याकाळी भाऊजी, जाऊबाई आणि पोरं आली. भाऊजींनी पोरांना जीपमध्ये बसवून फोटो काढले. म्हणाले, "बघून घ्या, उद्या चालली."



२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी जीपला हार घातला. भाऊबंद, शेजारी, सगळे अंगणात. पोळ्याची वाफ बघितलेले तर झाडून आले होते.

भाऊजींनी आधी मारलं. अंगात ताकद भरपूर. पण ते खाली दाबत होते, मला दिसत होतं. पाच-सहा वेळा मारलं. शेवटच्याला हँडल उलटं आलं. नशीब, हात सुटला म्हणून अंगठा वाचला. बाजूला झाले. घामानं नवा शर्ट चिकटला होता. माऊलीनं लांबूनच हात जोडले.

मग मामा म्हणाले, "तृप्ती, ये."

कुणीतरी हसलं. आत्याबाई चुलीपुढून उठून आल्या, कणकेच्या हातानं पदर धरून. मी पदर खोचला, अंगठा बोटांच्या बाजूला. दोन फेरे हळू. स्विच. पहिला – फुस्स. दुसरा – फुस्स. कारभारी अण्णा खोकले. मी डोळे मिटले आणि तिचा जोर शोधला. तिथं होता. तिथूनच उचललं.

धाड्धाड्धाड्!

काय काय झालं ते नीट आठवत नाही. पोरं नाचत होती. माऊलीनं शिट्टी मारली. भाऊजी आले, जीपच्या बॉनेटवर हात ठेवला, आणि म्हणाले, "तुझी झाली बाई. आता म्या काही बोलत न्हाई." मनापासून म्हणाले. आणि आत्याबाई – त्याच आत्याबाई! – पुढच्या सीटवर चढून बसल्या. "चल, सोनं वाटायला घेऊन जाय मला. सगळ्या गल्लीतून ने."

सगळ्या गल्लीतून नेलं. हॉर्न वाजवत.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊजींची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मामांनी मला जीपपाशी बोलावलं. बॉनेट उघडलं. बॅटरीमागून फडक्यात गुंडाळलेलं वायरचं टोक काढलं, माझ्या हातात पाना दिला. "तिथं आवळ. आता पायातलं बटन दाब."

दाबलं. जीप एका दमात चालू झाली. बारा वर्षं जळालेला सेल्फ!

टाकीवरून पाणी आणायला मलाच का पाठवायचे, ते आत्ता कळलं.

मी म्हटलं, "मामा, मंग हे हँडल, माझं मनगट... चावी तशीच दिली असती तर?"

"बारा वर्षांमागं बी भागवतनं गिऱ्हाईक आणलं होतं, तवाच काढली वायर; तू पाण्याला गेली की म्या तेवढ्यापुरती जोडून घ्यायचो. आन् तुला नुसती दिली असती, तर उद्या कुणीबी मागितली असती. आता सगळ्या गावासमोर तू घेतली."

हँडल त्यांनी माझ्या खोलीत टांगायला दिलंय.