मोतिया कापड

ता. ४ डिसेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राची वाट पाहून डोळे दुखले, म्हणून मीच लिहायला बसले. आम्ही बरे आहोत, म्हणजे मी बरी आहे. यांचं पुढे लिहितेच.

नवं घर एकदाचं लागलं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि समोर बसचा रस्ता. गेल्या पत्रात तू कळवलंस तसं पुढच्या खोलीचं सगळं केलं. खिडक्यांच्या फटींना नमद्याच्या पट्ट्या लावल्या, दाराखाली कापडाची गुंडाळी ठेवली, आणि भिंतीत खाली जाळीचं वीतभर भोक होतं, ज्यातून बस थेट आमच्या मांडीवर येऊन बसायची, ते जुन्या गादीच्या स्पंजाने गच्च बुजवलं. हे म्हणाले की, मेहुण्याला पहिल्यांदाच अक्कल सुचली. तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवताना मशीनच्या खडखडाटाने यांचे कान किटून गेले. आता जेवण झालं की तू केलेल्या त्या स्पीकरच्या दोन पेट्यांसमोर खुर्ची टाकतात आणि संध्याकाळपर्यंत रेकॉर्डी ऐकतात. मला हाक मारायचीसुद्धा चोरी.

पण त्या पेट्यांच्या तोंडावरचं मोतिया कापड दीड महिन्यात काळवंडलं रे! पाहुण्यासमोर लाज वाटते. ते कसं धुवायचं ते कळव.

आणि यांचं म्हणशील तर डोकं जड असतं, म्हणतात. परवा रेकॉर्डची एक बाजू संपायच्या आत घोरायला लागले. या माणसाने कधी एक सूर सोडला नव्हता. डॉक्टर म्हणाले की वय झालं, थंडीही आहे. मला काही ते पटत नाही. मनातून भीती वाटते.

तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे, पण तो कागदावर उतरू दे.
तुझी,
ताई

ता. ९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बघ, पाच दिवसांत उत्तर! हे पत्र जपून ठेव, पुन्हा असं घडायचं नाही.

मी काळं कापड लाव म्हणत होतो तेव्हा तूच म्हणालीस की, तुला रंगातलं काय कळतं, तू आपल्या पेट्या ठोक. आता भोग आपल्या कर्माची फळं. कापड चौकटीवर ताणलेलं आहे आणि चौकट खुंट्यांवर बसवलेली आहे. चारही कोपऱ्यांना आळीपाळीने थोडं थोडं ओढ. एकाच बाजूने उपटलीस तर चौकट पिळवटेल. पेटीतल्या कागदी पडद्याला बोट लावू नकोस. मग कापडावरून कोरडा मऊ ब्रश फिरव. चिकटपट्टी उलटी गुंडाळून टिप. एवढ्याने धूळ जाते. नाहीच गेली तर कोमट पाण्यात साबणाचा एकच थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपायचं, चोळायचं नाही. सावलीत आडवी ठेवून वाळव.

माझ्या पेट्यांसमोर भावोजींना झोप लागते, याला कौतुक समजू की अपमान? त्यांना सांग, दुकानात दुरुस्तीला येणारं गिऱ्हाईकसुद्धा माझ्यासमोर जांभई देत नाही. ताई, काळजी करू नकोस. तीस वर्षांची झोप शिल्लक आहे, तेवढी होऊ दे. भोक बुजवलंस ते फार चांगलं केलंस.

माझी आठवण ठेव, आणि ओरडायची सवयही.
तुझा,
बारक्या

ता. १६ डिसेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तू लिहिलंस त्याबरहुकूम केलं. चौकटी निघाल्या, काही मोडलं नाही. पण ब्रशने धूळ उडेना, उलट काळं आणखी पसरलं. मग फडक्याने टिपलं, तर वाटीतलं पाणी दौतीतल्या शाईसारखं झालं. तीन पाणी बदलली. शेवटी कापड मोतिया नाही, पण बरं दिसायला लागलं. चार दिवस झाले नाहीत तोच पुन्हा काळं! खाली, जिथे मोठा पडदा धापा टाकतो, तिथे तर अगदी गोल वर्तुळ उमटलंय. सासूसारखं मला हे कापड रोज टोमणे मारतं.

हे काल दुपारी खुर्चीतून उठताना भिंतीला धरून उभे राहिले. ओकारी झाली. मी पाणी दिलं तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शेजारीण आहे. मग हसले आणि म्हणाले की, गंमत केली. मला त्यात गंमत वाटली नाही. माझंही डोकं दुखतं, पण बाजारात गेले की बरं वाटतं आणि घरात पाऊल टाकलं की पुन्हा जड. कामाचा कंटाळा, दुसरं काय?

पुढची खोली मात्र छान उबदार आहे हो. बाहेर दात वाजतात, आत स्वेटर लागत नाही.

उत्तर लवकर दे. तुझं लिहिलेलं वाचलं की धीर येतो.
तुझी,
ताई

ता. २० डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. थट्टा बाजूला ठेवून लिहितो.

धूळ राखाडी असते आणि ब्रशने जाते. तू लिहितेस ती धूळ नाही. पसरते, पाणी काळं करते, आणि पडदा जिथून हवा ओढतो-ढकलतो तिथे साठते. वीस वर्षांत असं कापड मी एकदाच पाहिलं, तेही एका खानावळीतल्या पेटीवरचं. खोलीत काही जळतं का? भावोजींनी पुन्हा विडी सुरू केली का? जे असेल ते खरं लिही, मी त्यांना रागावणार नाही. टिपलेल्या फडक्याचा तुकडा कापून पाकिटात घाल, मला हाताने बघायचाय.

तोवर दिवसभर एक खिडकी उघडी ठेव. बसचा आवाज आला तर येऊ दे. एवढं माझं ऐक.
तुझा,
बारक्या

ता. २६ डिसेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

फडक्याचा तुकडा सोबत आहे. हात धू.

खिडकी उघडली होती. यांनी बंद केली. मी उघडायची आणि यांनी बंद करायची, असा दोन दिवस खेळ चालला, मग मी दमले. म्हणतात, बारक्याने सगळ्या फटी बुजवायला लावल्या आणि आता तोच उघडायला सांगतो.

विडी नाही. जळत काही नाही. स्वयंपाक मागच्या खोलीत असतो. पुढे भिंतीत गॅसचा हीटर आहे तेवढाच, तो घराबरोबरच मिळाला, सकाळपासून चालू असतो. त्याची ज्योत आधी निळी होती, आता कंदिलासारखी पिवळी, छान दिसते. हे तिच्याकडे बघत बसतात. आता रेकॉर्ड संपली तरी उठवून सांगावं लागतं.

तुला सांगायचं राहिलं, कापड पुन्हा काळं झालंय. फडक्याचा तुकडा सोबत पाठवते आहे. हे वर लिहिलं का मी? असू दे. बोटं जड झाली आहेत, पुढे लिहवत नाही.
ताई

ता. ३० डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

आत्ताच तार करून आलो. टपालकचेरीच्या बाकावर बसून लिहितोय. तारेत मावलं नाही ते इथे.

फडकं बोटांत चोळलं, ती काजळी आहे. हीटरला जळायला हवा लागते. ते जाळीचं भोक आवाज येण्यासाठी नव्हतं ग, हीटरसाठी होतं. ते बुजल्यावर ज्योत पिवळी होते आणि विषारी वायू सोडते. त्याला वास नाही, रंग नाही. कापडावर काजळी तरी दिसली, तुमच्या रक्तातलं कोण बघणार? भावोजींची झोप, ओकारी, तुझं डोकं, सगळं त्याचंच.

हीटर त्या खोलीत आहे हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही. इथे बसून, न बघता, बुजव म्हणून मोकळा झालो.

हीटर बंद करा, दारं उघडी टाका, रस्त्यावर जाऊन बसा. मी उद्या सकाळच्या गाडीने निघतो. लोभाचं नंतर बघू.
बारक्या

ता. ११ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. आ.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण सुचत नव्हतं.

यांना दवाखान्यातून आणून आठवडा झाला. चालतात, जेवतात, मला ओळखतात. दुपारी खुर्चीत नेऊन बसवते. काल धीर करून यांची आवडती रेकॉर्ड लावली. यांनी दोन्ही कानांवर हात दाबले आणि ओरडले की मशीन बंद करा, पाळी सुटली. मी बंद केली. मग म्हणाले, आता बरं वाटलं. डॉक्टर म्हणतात की ऐकू सगळं येतं, पण गाणं म्हणून आत पोचत नाही, आणि यापुढे पोचेल असं वाटत नाही.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. तार उशिरा आली, असं मी तुला दवाखान्यात सांगितलं. ते खोटं होतं. तार सकाळी अकरालाच आली. मी बाजारात होते, यांनी घेतली. तुझ्या तारा म्हणजे थट्टाच असायच्या, यांच्या निवृत्तीला तू काय तार केली होतीस ते आठव. कपडे धुवायला काढले तेव्हा ती यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडली. यांनी पेन्सिलीने तिच्यात विरामचिन्हं घातली होती, आणि खाली लिहिलं होतं, ‘ही बाजू झाली की.’ मी दोन वाजता आले, तेव्हा बाजू कधीच झाली होती आणि हे खुर्चीत बेशुद्ध होते.

तू नवं कापड घेऊन येतोस म्हणालास, चौकटी स्वतः बसवून देतो म्हणालास. येऊ नकोस. हीटर आहे हे मी कळवलं नव्हतं, भोकात स्पंज मीच कोंबला, हे मला माहीत आहे. तुझ्यावर राग नाही, असं लिहायला तीनदा बसले. तिन्ही कागद फाडले, कारण ते खरं नव्हतं. तू धाकटा आहेस, तुझा जीव तुटत असेल, हे कळतं. तरी नाही होत रे.

पत्र संपवताना आपण एकमेकांकडे जे मागतो, ते आज मी मागत नाही. तूही इतक्यात मागू नकोस. झालं की मीच लिहीन.
ताई