नव्या चाळीचा तळ

रविराज भाऊजी,

हे पत्र पाठवणार नाही. तुम्हाला लिहिलेला शब्दन्‌शब्द कोर्टात जाईल, असं वकील म्हणतात.

माझी कांदाचाळ पेटवल्याचा गुन्हा तुमच्यावर दाखल झाला, मग मीही भरपाईचा दावा लावला. त्यात तुम्हाला विचारायचे प्रश्न तयार होते. फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत कोर्टाने ते थांबवले. मी चिडले. ज्याने काही केलं नाही, त्याला बोलायला काय झालं? वकील म्हणाले, या दाव्यातलं उत्तर फौजदारी खटल्यात त्यांच्यावर उलटू शकतं. गप्प राहिला तो दोषी, असं नसतं. मला पटलं नव्हतं.

आज गडी नव्या चाळीचा तळ जमिनीला टेकवूनच बांधत होते. माझंही लक्ष नव्हतं. तुम्ही बांध ओलांडून आलात, एक शब्द न बोलता बांबू हातभर उचलून बांधलेत आणि निघून गेलात.

ज्याला माझा कांदा जाळायचा होता, तो कांद्याला खालून वारा लागावा म्हणून उन्हात वाकला नसता. कोर्ट हे धरणार नाही. मी धरते.

उद्या छताचे पत्रे चढवायचे आहेत आणि शिडी तुमच्याकडे आहे. मागायला गड्याला पाठवणार नाही, मीच येईन.

तुमची वहिनी,
उज्वला