गाडीखान्यातली ऊब

प्रिय आत्या,

पत्राच्या आरंभी समोरच्या माणसाचे क्षेम विचारावे, असे आम्हांला शाळेत शिकवले आहे. तुझे क्षेम आता कोणत्या पत्त्यावर विचारू? म्हणून इकडचेच लिहिते. मी गाडीखान्याच्या उंबरठ्यावर कागद मांडीवर घेऊन बसले आहे. सकाळचे धुके अजून अंगणातून हललेले नाही. आत तुझे रेशमाचे किडे चौथ्यांदा कात टाकून, म्हणजे तुझ्या शब्दांत चौथ्या ज्वरातून, उठून सात दिवस झाले. आज किंवा उद्या ते कोश विणू लागतील, किंवा कधीच विणणार नाहीत. ही वाट एकटीने पाहणे मला झेपत नाही.

आजोबांचे घोडे गेले, गाडी विकली, आणि माहेरी परत आल्यावर तू घरात खोली न मागता हा रिकामा गाडीखाना मागितलास. तेव्हा मी पाच वर्षांची होते. चैत्रात तू कौलांवर पाणी मारायचीस आणि दारात भिजवलेले गोणपाट लावायचीस. आषाढात ओल शोषण्यासाठी जमिनीवर चुना भुरभुरायचीस. पौषात अंगणात कोळसे फुलवून, धूर पुरता सरल्यावर, शेगडी राखेने झाकून आत आणायचीस. बाहेर कोणताही ऋतू असो, आतली हवा बारा महिने एकसारखी राहिली पाहिजे, हा तुझा हट्ट.

ती हवा तू मोजायचीस कशी? दाराशी शाल काढून ठेवायचीस आणि आत क्षणभर नुसती उभी राहायचीस.

"अंगावर काटा आला तर त्यांना गार आहे, पदराने वारा घ्यावासा वाटला तर त्यांना उष्ण आहे. एवढंच शास्त्र, अंबू."

मला त्याचे हसू यायचे. शाळेतल्या बाईंनी मला उष्णता मोजायची पाऱ्याची नळी दिली होती, रेशमाच्या किड्यांवरचे एक पुस्तकही दिले होते, आणि वर्गात माझा पहिला नंबर होता.

कार्तिकात तू अंथरुणाला खिळलीस आणि किड्यांची ताटे माझ्या हाती आली. त्या आठवड्यात थंडी अचानक उतरली. नळीतला पारा खूणरेषेच्या खाली गेला आणि मी घाबरले. घरात घोड्यांच्या जाड, लोकरी झुली असताना आत्या गोणपाटे का लावते, हा प्रश्न मला पूर्वीपासून होताच. एकदा विचारलेही होते. तू म्हणालीस, "त्या घोड्यांच्या आहेत, घोड्यांच्याच राहू देत." मला वाटले, ही आजोबांविषयीची माया. मी पेटी उघडली, झुली काढल्या आणि दारात, खिडकीत, ताटांच्या तिन्ही बाजूंनी टांगल्या.

पारा वर आला. पुस्तकात होता तेथेच, अगदी बरोबर.

दुसऱ्या दिवशी किड्यांनी माना उंचावून झुलायला आरंभ केला. मग ते हिरवे पाणी ओकू लागले. मी नळी पाहत होते. नळी सांगत होती की सगळे यथायोग्य आहे. संध्याकाळपर्यंत ताटे निपचित झाली.

तू आतून विचारलेस, "कसे आहेत गं?"

मी म्हणाले, "छान आहेत, आत्या. पानं खातायत."

तिसऱ्या दिवशी तू गेलीस. त्या वाक्याखेरीज मला त्या दिवसांतले फारसे काही आठवत नाही.

तेराव्याला निंगम्मा आली. तुला तुतीची पाने आणून देणारी निंगम्मा. दर पिकातले बीजासाठी राखलेले मूठभर कोश तू तिच्या ओच्यात घालायचीस, ते तिच्या घरी वाढायचे. तिने दारातली झूल नाकाशी धरली आणि मागे सरली.

"अम्मणी, हे कुणी लावलं? होगेसोप्पूचा वास येतोय."

तंबाखू! नुसत्या वासानेही किडे मरतात. कसर लागू नये म्हणून आजोबांनी पेटीत झुलींच्या घडीघडीत तंबाखूची पाने घातली होती. दादा तंबाखू खाऊन आला की त्याला तू दाराबाहेर उभे करायचीस, "आधी तोंड धू, हात धू, मग बोल." मी तो तुझा सोवळेपणा समजत होते. आत्या, रागावू नकोस, पण एकदा तरी कारण सांगायचे होतेस. मी लहान होते. ऐकून घेण्याइतकी मोठी कधी झाले, ते तुझ्या लक्षात आले नाही का?

निंगम्माने कमरेची पुरचुंडी सोडली. फडक्यावर अंडी होती, खसखशीसारखी.

"अम्मावरांच्याच बीजाची आहेत. मी आता भातकापणीला जाणार, घरी बघायला कुणी नाही. एवढीच आहेत, सांभाळ."

म्हणजे ही गेली की तुझ्या हातचे बीज संपले.

दादाच्या साहेबांना मोटार ठेवायला जागा हवी आहे. त्याने गवंड्याशी बोलूनही ठेवले आहे. "नोडु, बघ अंबू, पडदे काय, शेगडी काय! मोटारीला एवढे लाड लागत नाहीत," असे म्हणून तो हसला. मग माझा चेहरा पाहून हळू आवाजात म्हणाला, "एक पीक. निघालं तर गाडीखाना तुझा. नाही निघालं तर मी दार रुंद करून घेतो. बरं?" मी मान डोलावली.

झुली मी घराबाहेर काढल्या. भिंतींना पुन्हा चुना दिला, ताटे धुऊन उन्हात वाळवली, गोणपाटे नवी शिवली. तरीही रोज भीती वाटते. वास एखाद्या फटीत राहिला असेल का? शेगडी जास्त झाली का? एक किडा जरी मान उंचावून थांबला तरी मी भिंती पुन्हा हुंगून पाहते.

पाऱ्याची नळी परवा बाईंना परत केली.

आता मी शाल काढून उंबरठ्यावर ठेवली आहे आणि आत जाऊन उभी राहिले आहे. पुढचे उभ्यानेच लिहिते. अंगावर काटा नाही. वारा घ्यावासाही वाटत नाही.

कोपऱ्यातल्या ताटात एकाने पान सोडले आहे. त्याचे अंग पिवळसर, काचेसारखे झाले आहे, आणि त्याने मान उंचावली आहे. त्या दिवशीही माना अशाच उंचावल्या होत्या, म्हणून मला हलवत नाही. त्याच्या तोंडाशी काहीतरी आहे. हिरवे नाही. उजेडात धरल्याशिवाय दिसणार नाही इतके बारीक आहे.

एकच. बाकीचे अजून खात आहेत. दादाला इतक्यात सांगणार नाही.

पण तुला सांगते आहे, आणि वचन देते: यापुढे तू आतून विचारशील, "कसे आहेत गं?", तेव्हा जे असेल तेच सांगेन. सगळे विणले तरी, आणि एकही विणला नाही तरी.

तुझ्या उंबरठ्यावर शाल ठेवलेली,
अंबू