वत्सूची कळशी

२१ एप्रिल १९५७, रवि.
मुन्सिपालटीचा माणूस सांगून गेला. विहीर साफ करा, नाहीतर बुजवू. कारखान्याचं रंगाचं पाणी मुरून ती निळी पडली आहे. चाळीचे पुढारी नाना म्हणाले, "बुजवू देत. तसंही कोण जातंय तिकडे?" खरं आहे. गेल्या वर्षी वत्सू तिच्यात बुडून गेल्यापासून एक बाई फिरकत नाही. रहाट म्हणे आपोआप वाजतो. माझी धाकटी बहीण, यांचं भूत झाली. मला मात्र एकदाही दिसली नाही. त्याचंच वाईट वाटतं.

२३ एप्रिल
आई जेवली नाही. विहीर बुजली की कळशी कायमची आत. वत्सू पाणी आणायला गेली, पाय घसरला, असं आई म्हणते. चाळ म्हणते, लग्न मोडलं म्हणून उडी मारली. वत्सूला काढलं तेव्हा कळशी मिळाली नव्हती. गाळात सापडली तर आई खरी. नाही सापडली तर...
घरात कळशी नाही हे खरं. पण त्याच सुमारास जुनी भांडी मोडीत गेली होती. आईला विचारायचा धीर नाही.

२८ एप्रिल, रवि.
आईसाठी विहीर साफ करायचा हट्ट मी धरला, पण आमच्यातला कुणी उतरायला तयार नाही. नानांची युक्ती: पलीकडच्या चाळीला सांगा, त्यांनी बुद्धाची दीक्षा घेतलीय, ते भूतबीत मानत नाहीत. कालपर्यंत त्यांचा घडा लागू देत नव्हते हेच. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात खांद्याला खांदा, विहिरीवर सोवळं.
पलीकडच्या भिवाबरोबर लाठ्या खाल्ल्यात, म्हणून मीच गेलो. म्हणाला, "उतरतो. पण गाळ आमचा नि पानी तुमचं, असं चालायचं नाय. जोडीला तुमचा एक माणूस पायजे. आन् पुढं दोन्ही चाळींचे घडे."
नाना बराच वेळ पान चघळत बसले. शेवटी हो म्हणाले. आमचा माणूस म्हणजे मी, दुसरं कोण!
भिवाला कळशीचं सांगितलं. "असली तर देईन. नसली तर नाय म्हणेन. खोटं बोलायचं नाय, दीक्षेत शपथ घेतलीय."

५ मे, रवि.
दोन्ही चाळींनी मिळून चर खणला. कारखान्याचं पाणी वळवलं, टेकडीच्या झऱ्याचं तेवढं विहिरीकडे. नानांकडून चहा आला, पलीकडच्यांसाठी वेगळे कप. भिवानं परत पाठवला. मग आला तो सगळ्यांना सारख्या कपांत.

१२ मे, रवि.
पाणी उपसून उतरलो. मांडीएवढा गाळ. भिवा चाचपत होता, मी पाट्या भरत होतो. पायाला काहीतरी गार लागलं आणि मी, चांगला मॅट्रिक झालेला, वत्सूला हाक मारली. भिवा चाचपत राहिला. तांब्या निघाला, चपला, कुजका दोर. कळशी नाही. गाळ संपला.
वरून आई. "गावली काय रे?"
मी भिवाकडे वळलो. भिवाच ओरडला, "गावली, आई. चेपलीय. कपारीत रुतलीय, निघत नाय."
आई मोठ्यानं रडली. वर्षात पहिल्यांदा.
मी त्याच्यापासून हाताभरावर होतो. मला काही दिसलं नाही. पण अंधारही होता.

१९ मे, रवि.
पाणी नितळ झालं. दोन्ही चाळींचे घडे रहाटावर. नाना अजून लांबून बघतात. आई रोज जाते, काठावर वाकून काहीतरी बोलते. पोटभर जेवते.
कपारीचं विचारायचंच, असं ठरवून भिवाकडे गेलो. बोललो पुढच्या मोर्चाबद्दल. निघताना त्यानंच विचारलं, "पानी गोड हाय ना?"
"आहे," म्हटलं. मी अजून घोटभरही प्यायलेलो नाही.