सर्व्हरची पाळी

लातूर,
१८ जून २००८

चि. वरद,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. देविकाची कंबर आता कशी आहे? इथे नळाला पाणी नाही, पण क्लासच्या ॲडमिशनला रांग आहे. दादांनी अजून एक तुकडी काढली. सगळ्यांनाच डॉक्टर व्हायचंय. आजारी कोण पडणार, देव जाणे.

मेल सोडून ताईने पोस्टाने का लिहिलं, असं तुला वाटेल. आपले मेल दादांच्या नजरेखालून जातात, म्हणून.

देविका म्हणाली, तू वर्गावर जात नाहीस, धड जेवत नाहीस. तुझ्या वर्गातल्या पुनमचा मेल वेळेवर उघडला नाही, म्हणून स्वतःला खात बसतोस. आधी जेव, मग पुढे वाच.

तू आणि दादा वेगळे झालात तेव्हा बाकं वाटली, पंखे वाटले, नोट्ससुद्धा वाटल्या. लातूरची एक कंपनी, नांदेडची दुसरी. दोघांची डोमेनही वेगळी. मेलचा सर्व्हर तेवढा एकच राहिला, इथे जिन्याखाली, आणि तो सांभाळायला मी. मग निकालाच्या दिवसांत इंटरनेटची लाइन तुंबली आणि फोनवर तुमची जुंपली. दादा म्हणाले, "भूकंपात घर गेलं, विहीर राहिली. ती काय चिरून वाटली का आपण? मुग्धा, पाळी लाव. दिवसा लातूर, संध्याकाळी नांदेड." तूही रागात "लावा की" म्हणालास. मेलला पाणी दिल्यासारखी पाळी आपणच लावू जाणे! तुझे मेल संध्याकाळपर्यंत सर्व्हरमध्येच अडकून पडायचे.

तिचा मेल तुला पाठ असेल. "सर, आज संध्याकाळी माझं लग्न लावून राहिलेत. बाबा फक्त तुमचं ऐकतात. मी दुपारपर्यंत कंधारच्या स्टँडवर थांबते." मुलींनी सरांना फोन करायचा नाही, मेल करायचा, हा नियमही आपलाच. वरद, तू तो उशिरा उघडला नाहीस. तो सकाळीच आला होता, आणि इथे जिन्याखाली पडून होता.

सर्व्हरवरची नोंद मी दादांना दाखवली. "पुसून टाक ते," म्हणाले, "दोन्ही क्लासचं नाव जाईल." मी पुसली नाही.

आता जे सांगायला हात धजत नव्हता ते. परवा पुनमचा इथे फोन आला, देगलूरहून, सासरच्या शेजारणीकडून. रडत नव्हती. एवढंच विचारलं, "सरांनी त्या दिवशी माझा मेल वाचला होता का?" मी तोंड उघडायच्या आत दादांनी फोन ओढून घेतला. "हाव, सकाळीच वाचला होता. पण पोरी, लोकाच्या घरात सर कसे पडतील?"

"बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

मला दादांची किळस आली. आईवडील गेल्यावर पत्र्याच्या खोलीत आपल्याला भात रांधून घालणाऱ्या माणसाची किळस आली, आणि मग दिवसभर रडू आलं.

उद्या मी देगलूरला जाते. खरं कळून तिचं लग्न मोडणार नाही, बारावीही होणार नाही. पण सरांनी वाचलं आणि सोडून दिलं, असं मानून तिने तिथे जन्म काढू नये. तू येऊ नकोस. तू दारात दिसलास तर मार तिलाच बसेल.

दादांना सांगितलं. "जा," म्हणाले, "पण मग या घरात परत यायचं न्हाई." बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

आजपर्यंत दोघांची बहीण असलेली,
मुग्धा