काट्यांनी टाचलेलं ऑफिस

शारजा,
१४ नोव्हेंबर १९९७

प्रिय शहनाझ,

तुझ्या हळदीच्या दिवशी तुझ्या अम्मीने ओटीवर दाराजवळ एक पाट रिकामा ठेवला होता, तो तुला आठवतो का? पाय दुखले म्हणून मी त्यावर टेकायला गेले, तर त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. "तिथं नको बसूस गो," एवढंच म्हणाल्या. मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "मला काय माहीत? आमच्याकडे प्रत्येक लग्नात असतो तो." हॉस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं तुझ्यासोबत काढूनही मला तुझ्या घरातली ही गोष्ट ठाऊक नव्हती, याचं तेव्हा जरा वाईट वाटलं होतं. आता बावीस वर्षांनी त्या पाटाचं उत्तर सापडलंय. ते सांगते, आणि शेवटी तुझ्याकडे एक काम मागणार आहे. ते रमजानच्या आत व्हायला हवं, म्हणून पत्र लांबलं तरी शेवटपर्यंत वाच.

आमच्या मजल्यावर या वर्षी उझैर नावाचा एक इंजिनियर राहायला आला. कराचीचा. बरोबर त्याची म्हातारी आई, हव्वाबी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपली कोकणातली सांदणं पाठवली. वाडग्यावर कागद घातलेला आणि त्याच्या कडा एका लांब पांढऱ्या काट्याने टाचलेल्या. आमच्या बिल्डिंगमागे रेतीत बाभळीसारखं एक खुरटं झाड आहे, त्याचा काटा. सोनम म्हणाली, "मम्मा, समवन शुड गिव्ह हर अ स्टेपलर." मला मात्र दोन कोडी पडली. कराचीच्या बाईला सांदणं कशी येतात, आणि हा काटा कशाला?

वाडगा रिकामा कसा परत करायचा, म्हणून नारळाच्या वड्या घेऊन गेले. मी हिंदी जुळवत होते तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "कुठची गो तू?" शहनाझ, या देशात आठ वर्षांत मला इतक्या आपलेपणाने कुणी हटकलं नव्हतं. मी म्हटलं चिपळूणची. त्या म्हणाल्या, "मंग शेजारीण झालीस. मी दाभोळची."

तेव्हापासून मी रोज जाते आणि प्रश्न विचारत बसते. विघ्नेश म्हणतो, म्हातारीला वाटत असेल, याची बायको पोलिसांची माणूस आहे. पण मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याच्या पन्नास वर्षांचे कार्यक्रम टीव्हीवर सारखे चालू होते, झेंडे, भाषणं, दोन्हीकडचे. ते बघताना माझ्या मनात एक साधा प्रश्न यायचा. रात्री देश जाहीर झाला, ठीक आहे. पण सकाळी उठून ऑफिसात गेलेल्या माणसांनी नेमकं केलं काय? पोस्टाची तिकिटं कुणी विकली? पगार कुठल्या तिजोरीतून निघाला? हव्वाबींना विचारलं, तर त्या हसल्या. "तिकिटं जुनीच. वर नवीन नाव छापलेलं. पगार? पगाराचं नाव काढू नकोस." आतून उझैर ओरडला, "खलास आँटी, अब अम्मी का रेकॉर्ड रात तक चलेगा." "तू गप रे," त्या म्हणाल्या, "तुला काय ठाऊक, तू तर तयार देशात जन्मलास."

त्यांचा नवरा खैरुद्दीन मुंबईत सरकारी हिशेबखात्यात कारकून. फाळणी ठरली तशी सगळ्या नोकरांना विचारलं गेलं, इथे राहणार की तिकडे जाणार? साहेब म्हणाला, आत्ता तिकडे जा, सहा महिन्यांत मन बदललं तर परत या, तशी सोय आहे. खैरुद्दीनने त्या सोयीकडे बघून होकार दिला. हव्वाबींच्या धाकट्या बहिणीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात ठरलं होतं आणि हळद मोठ्या बहिणीने लावायची, असा त्यांच्या घरचा रिवाज. निघताना बहीण रडायला लागली, तर हव्वाबींनी तिला दटावलं, "रडतेस काय? काम आटपलं की येते. आंबे उतरायच्या आत येते."

कराचीत ऑफिस म्हणजे पत्र्याची बराक. टेबलं नाहीत, म्हणून खोक्यांवर काम. खुर्च्या पाळीपाळीने. दिल्लीहून यायच्या कागदांच्या पेट्या वाटेतच कुठे जळाल्या, कुठे राहिल्या, कुणाला पत्ता नाही. आणि बाहेर दिवसभर माणसं उभी. घरदार सोडून आलेली, कुणाचं पेन्शन, कुणाच्या मेलेल्या मुलाचा फंड, आणि हातात पुराव्याचा एक कागद नाही. खैरुद्दीन रात्री जेवताना म्हणायचा, "लोक सांगतात, मी लिहून घेतो. उद्या वारा आला तर सगळं उडून जाईल. साधी टाचणी नाही देशात."

हव्वाबी लहानपणी दाभोळला पत्रावळी लावायच्या, पानाला पान बारीक काडीने टाचून. त्यांच्या क्वार्टरमागे बाभळी होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिस्किटांचा डबा भरून काटे वेचले आणि नवऱ्याच्या हातात दिले. मी विचारलं, एवढी देशसेवा? तर म्हणाल्या, "कसली गो सेवा! मला वाटलं, कागद टाचले म्हणजे काम लवकर आटपेल. आम्ही घरी जाऊ."

महिनाभरात सगळी बराक त्यांचे काटे वापरायला लागली. खैरुद्दीनने रांगा लावल्या, गठ्ठे लावले, लोकांना पैसे मिळायला लागले. एक म्हातारा त्याच्या हातावर डोकं टेकून रडला. सहा महिने संपत आले तेव्हा हव्वाबींनी ट्रंक आवरायला घेतली, आणि तो म्हणाला, "आत्ता कुठे ऑफिस चालायला लागलंय. मी उठलो तर पुन्हा सगळं विस्कटेल. एक वर्ष थांबू." त्या भांडल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत. वर्ष व्हायच्या आत परत यायला परमिट लागायला लागलं, मग पासपोर्ट, मग लढाया. "त्याला ना पाकिस्तानचं पडलं होतं, ना हिंदुस्तानचं," त्या म्हणाल्या. "त्याला ते खोकं सोडवेना. आणि काटे मीच वेचून दिले."

मी आजवर समजत होते की माणसं देश निवडतात ती मोठ्या कारणांनी. अशीही निवडत असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग मी बहिणीचं नाव विचारलं. तू एव्हाना ओळखलं असशीलच. शहरबानू. दाभोळची शहरबानू, म्हणजे तुझी अम्मी.

तुझ्या अम्मीने पहिला उन्हाळा वाट बघितली, लग्न पुढे ढकललं. दुसऱ्या उन्हाळ्यातही ढकललं. नवऱ्याकडचे कंटाळले आणि त्यांनी मोडलं. हे हव्वाबींना कुणा गाववाल्याकडून कळलं. त्यानंतर त्यांनी किती पत्रं घातली, एकाचंही उत्तर नाही. (तुझे अब्बा नंतर सांगून आले, तेव्हा त्या मोडलेल्या लग्नाबद्दल तू तरी तक्रार करू नकोस.) "तिने मला मनातून काढून टाकलं," हव्वाबी म्हणाल्या, "आणि बरोबर केलं."

तेव्हा मी त्यांना पाटाचं सांगितलं.  त्यांनी विचारलं, "कुठच्या बाजूला होता?" मी म्हटलं, दाराजवळ. त्यांनी पदराने तोंड पुसलं. "वारा येतो तिथं. मला फार उकडायचं ना."

आता पत्र का लिहिलं ते. उझैरचं काम डिसेंबरात संपतंय, रमजानच्या आत ते कराचीला परत जातील. हव्वाबी बहात्तरच्या आहेत. भारताचा व्हिसा त्यांना दोनदा नाकारला गेला. फोन करा म्हटलं, तर म्हणतात, "ती आवाज ऐकून ठेवून देईल." दोघींना बसता येईल अशी जागा एवढीच, आमची शारजा. विघ्नेशच्या ऑफिसातून व्हिजिट व्हिसा निघतो, मी विचारून ठेवलंय. तुझ्या अम्मीचा हजसाठी काढलेला पासपोर्ट असेलच. तू त्यांना घेऊन ये. हे पत्र वाचून दाखवू नकोस, फक्त एक निरोप सांग. हव्वाबींनी तो माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलाय. "शहरबानू, काम आटपलं. मला तिकडे येऊ देत नाहीत, तर तूच ये." त्यांनी आपल्या हॉलमध्ये एक खुर्ची एसीपासून लांब, कोपऱ्यात सरकवून ठेवली आहे. शहरबानूला लहानपणापासून गारवा सोसत नाही म्हणे. काल सोनम त्या खुर्चीवर बसायला गेली, तर हव्वाबींनी तिला दंडाला धरून उठवलं. "तिथं नको बसूस गो."

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
अर्चना